हेराल्डचे गोत्र

माणसाला शौक असावा, पण तो त्याच्या गावाला शोभेल असा असावा, असे आमच्या काही स्नेह्यांचे मत आहे. हळर्णच्या माणसाने काजूच्या बागेचा शौक करावा, दशावताराचा करावा, फार तर संगीत नाटकांतील पदांचा करावा. त्याने स्पोर्ट्स कारचे नाव काढावे हे त्यांना पंच्यावर विलायती हॅट घालण्यासारखे वाटते.

आक्षेप अगदीच निराधार नाही. हळर्णची जी काय प्रसिद्धी आहे ती किल्ल्याची. शापोरा नदीकाठचा हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून 1746 मध्ये घेतल्याबद्दल पोर्तुगीज व्हाइसरॉयला पुढे ‘आलोर्नचा मार्किस’ ही पदवी मिळाली, आणि आमच्या गावाचे नाव, थोडी मोडतोड होऊन का होईना, लिस्बनच्या सरदारांच्या पंगतीत जाऊन बसले. याहून अधिक वेगवान असे गावात काही घडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दोन माणसांपुरती, जमिनीलगत बसणारी, छप्पर मागे लोटून देता येईल अशी मोटार आमच्या बालपणी साऱ्या पेडणे महालात आमच्या दृष्टीस कधी पडली नाही. मग हे वेड लागले कोठून? “दादा, तुला ते लागले तर लागले, माझ्या मुलाला का लावलेस?” असे आमच्या धाकट्या भगिनीने यंदाच्या चवथीला, माटोळीखाली बसून, आम्हांस विचारले. प्रश्न कुतूहलाचा नव्हता. त्यामागे काय होते ते ओघाने येईलच. आधी वेडाची उत्पत्ती सांगितली पाहिजे.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या 1987 सालच्या आगेमागे आम्ही सात वर्षांचे होतो. त्या काळी गावात मोटार येई ती काही निमित्ताने येई. लग्नाला, आजाऱ्याला नेण्यासाठी, मर्तिकाला आणि जत्रेला. भाड्याची अॅम्बॅसॅडर सर्वांच्या ओळखीची होती. तिच्यात किती माणसे मावतात या प्रश्नाला ठराविक उत्तर नव्हते. आणखी एक नेहमीच मावत असे. तिच्याविषयी आम्हांस आदर वाटे. आदरातून प्रेम उपजतेच असे नाही.

प्रेमाची पहिली चाहूल लागली ती मुंबईस. गिरगावात मामांकडे गेलो असता एका संध्याकाळी वाळकेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही टॅक्सीने परत निघालो. काळी-पिवळी फियाट, गियरचा दांडा स्टिअरिंगलगत, आणि तो दोन बोटांनी, विडा उचलावा तितक्या हलकेपणाने हलविणारा सारथी. मलबार हिलचा उतार, एक वळण, दुसरे वळण, आणि एकाएकी खाली समुद्राच्या काठाने पेटलेल्या दिव्यांची ती अर्धवर्तुळाकार ओळ. पोटात काहीतरी हलले. मामींनी आमचा दंड घट्ट धरला होता, यावरून त्यांच्याही पोटात ते हलले असावे; परंतु त्यांना ते आवडले नाही, आणि आम्हांस आवडले.

त्या टॅक्सीतील 1089 घन सेंटिमीटरच्या यंत्राचे कूळ आम्हांस फार उशिरा कळले. फियाटच्या त्याच घराण्यातील यंत्र घेऊन दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया नावाच्या स्पोर्ट्स कार तयार झाल्या; पिनिन फारिना यांनी आकार दिलेली त्यांतील 202 ही न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात एखाद्या शिल्पाप्रमाणे जतन केलेली आहे. 30 ऑक्टोबर 2023 पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी गहिवरून लेख लिहिले. तिच्या या थोर आप्तसंबंधाचा उल्लेख मात्र आमच्या वाचनात आला नाही.

पण फियाट ही चाहूल होती. दीक्षा दिली ती हेराल्डने. गोव्यात हेराल्ड म्हटले की कोणालाही पणजीचे वर्तमानपत्र आठवते. आम्ही म्हणतो ती मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची मोटार. डिचोलीचे एक डॉक्टर, ज्यांचे मूळ घराणे आमच्या गावचे, दरवर्षी जत्रेला तिच्यातून येत. फिकट निळा रंग, पुढे आलेले डोळे, मागे निघालेल्या छोट्या शेपट्या. देवळाकडच्या वडाखाली ती उभी राहिली की आम्ही मुले पालखी निघेपर्यंत तिच्याभोवती असू. “पळय, पूण हात लावूं नाका,” असे डॉक्टर बजावीत आणि दर्शनाला जात. आम्ही आज्ञेचा पहिला भाग मनोभावे पाळीत असू.

एके वर्षी चढावर पाणी तापून ती गावाच्या वेशीवर थांबली. डॉक्टरांनी कोट काढला, बाजूच्या दोन कड्या सोडविल्या आणि मोटारीचे अवघे तोंड, मडगार्डे आणि दिव्यांसह, उचलून पुढे कलते केले. अॅम्बॅसॅडरचे बॉनेट मगरीच्या जबड्यासारखे उघडे. त्यात वाकून पाहावे लागे. येथे सारेच उघडे पडले. यंत्र, नळ्या, चाकांचे सांधे, स्टिअरिंगचा दांडा कोठे जातो, तो फिरविला की काय हलते, सगळे एका दृष्टिक्षेपात. डॉक्टर पुढच्या चाकावर खुशाल बसले, जसे कोणी घराच्या पायरीवर बसावे, आणि यंत्र निवण्याची वाट पाहू लागले. मग पलीकडच्या चाकावर त्यांनी आम्हांस बसविले. अर्धा तास तसे बसून आम्ही ते यंत्र पाहिले. मोटार ही एक वस्तू नसून पुष्कळ सांध्यांची जुळणी आहे, आणि ती कोणीतरी विचार करून जुळविलेली आहे, हे ज्ञान त्या अर्ध्या तासाचे.

पुढे कायद्याचा अभ्यास करीत असता पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत एका जुन्या इंग्रजी मोटार-मासिकात या हेराल्डचे गोत्र सापडले. इंग्लंडातील ट्रायंफ हेराल्डचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलेला. ती 1959 मध्ये बाजारात आली आणि 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागली. चार दारांचा अवतार पुढे तिने भारतातच घेतला. त्या काळात बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि शरीर एकजीव होत चालले असता हेराल्डने मात्र वेगळा सांगाडा राखला होता. तोच सांगाडा आखूड करून, त्यावर त्याच मिकेलोत्तींनी दोन माणसांपुरते ठेंगणे शरीर चढविले, आणि 1962 मध्ये जन्मली ती ट्रायंफ स्पिटफायर. म्हणजे पथ्ये आणि पुड्या वाहणारी डॉक्टरांची ती सालस गाडी एका नामांकित स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण होती! त्या दिवशी आम्ही करारभंगाचे प्रकरण तसेच मिटून ठेवले.

स्पिटफायर पाहण्याचा योग यायला पुढे वीसएक वर्षे गेली. आमच्याकडची पुष्कळ तरुण माणसे आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात गेली आहेत. स्विंडन शहरात तर गोवेकरांची वस्तीच आहे. काही कागदपत्रांच्या निमित्ताने 2018 साली आम्ही तेथे एका आप्ताकडे उतरलो होतो. रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. त्यात एक स्पिटफायर, अळूच्या पानासारखी गर्द हिरवी. तिच्या वृद्ध मालकाने बॉनेट उचलले. ते तसेच, दिव्यांसकट, पुढे कलले. आम्ही त्यांची अनुमती घेऊन पुढच्या चाकावर बसलो. “येथे बसतात हे तुम्हांला कोणी सांगितले?” त्यांनी विचारले. मद्रासच्या चार दारांच्या हेराल्डची हकीकत त्यांना सर्वस्वी नवी होती. तिच्या मोबदल्यात त्यांनी आम्हांस शेजारी बसवून गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांनी फिरवून आणले.

बसकण इतकी खाली की दारावरून हात सोडला तर रस्त्याला लागेल. कुंपणाची झाडे डोक्यावरून जात होती. गृहस्थ बोलत होते ते एवढेच: हिची मागची चाके स्वतंत्र झुलतात, म्हणून वेग उतरवावयाचा तो वळणाच्या अलीकडे, वळणात शिरल्यावर भयाने पाय उचलला तर चाके पोटाखाली ओढली जातात आणि गाडी पाठ फिरविते. आम्ही डोकावून काटा पाहिला. ताशी 40 मैल. मलबार हिलवर पोटात जे हलले होते तेच, तेवढेच, येथे हलले. स्पोर्ट्स कारचा आनंद वेगाचा असतो असे लोक समजतात. आमच्या मते तो जवळिकीचा असतो: रस्त्याची, यंत्राची आणि सारथ्याच्या हाताची.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या वकिलीचा एक मोठा भाग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. मृताच्या वयावरून एक गुणक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात 2009 साली त्याचे कोष्टक घालून दिले आहे. मृत अविवाहित, वय 22, ठरावीक पगार महिना 20,000 असे धरा. वर्षाचे 2,40,000, पुढे वाढला असता म्हणून त्यात 40 टक्के, म्हणजे 3,36,000, त्याने स्वतःवर खर्च केला असता म्हणून निम्मे वजा, 1,68,000, गुणिले 18. झाले 30,24,000 रुपये. किरकोळ रकमा निराळ्या. हे गणित आम्ही इतक्या वेळा केले आहे की आता कागद लागत नाही. समोर आई बसलेली असते. ती आकडा ऐकते आणि बहुधा आमच्याकडे पाहत नाही.

आमचा भाचा 22 वर्षांचा आहे. मोटारींचे नाद त्याला आम्हीच लावले. चिसितालियाचे चित्र त्याच्या खोलीत आम्हीच टांगले. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून धारगळकडचे रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले आहेत, आणि रात्री त्यांवर आमच्या भागातली मुले काय करतात हे आम्हांस कज्जांच्या कागदांवरून ठाऊक आहे. भाच्याने पहिल्या पगाराच्या भरवशावर एक जोरकस मोटार पसंत केली आहे. तू वकील आहेस, तूच त्याला परावृत्त कर, असे भगिनीचे म्हणणे.

परावृत्त करण्याचा अधिकार आम्ही कोठून आणणार? ज्याने चाकावर बसून यंत्र पाहिले त्याने दुसऱ्याला त्यावरून उठविणे कठीण. तरी गेल्या रविवारी त्याला घेऊन आम्ही आमच्या साध्या मोटारीने किल्ल्यापर्यंत गेलो. सारथ्य त्याचेच. वळणाच्या अलीकडे तो वेग उतरवितो की नाही एवढेच आम्ही पाहत होतो. दोनदा उतरविला, एकदा नाही. परतताना त्याला गुणकाचे कोष्टक सांगितले. ऐकून तो म्हणाला, “मामा, तुजो कितलो?”

“चौदा,” आम्ही म्हणालो. आमचे वय पंचेचाळीस आहे.

“आनी माझो?”

“अठरा.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने त्या इंग्रज म्हाताऱ्याची गाडी किती वेगाने जात होती ते विचारले. आम्ही सांगितले. त्याने मनातल्या मनात मैलांचे किलोमीटर केले आणि आमच्याकडे वळून, “चौसष्ट?” असे इतक्या अविश्वासाने म्हटले की त्याला रस्त्याकडे पाहण्याची आठवण करून द्यावी लागली.

मोटारीला मुहूर्त दसऱ्याचा धरला आहे. देवळासमोर तिची पूजा व्हावयाची आहे. पूजेला आम्ही असावे असा भाच्याचा आग्रह आहे. भगिनीचा निरोप अद्याप आलेला नाही.