आमच्या बनगरवाडीला नदी होती

नृसिंहवाडीत वाढलेल्या आमच्या पिढीला दुष्काळ पुस्तकातनंच कळला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं गाव. इथं पाण्याची तक्रार झालीच तर ते जास्त झाल्याची. पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्या चढायला लागली की मोठी माणसं देवळाकडं बघायची आणि आम्ही पोरं माळ्याकडं. पाणी देवळात शिरून पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराचं स्नान. आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात, आणि त्यानंतरही थांबलं नाही तर जोंधळ्याची पोती, अंथरुणं, लोणच्याच्या बरण्या आणि आम्ही, सगळे माळ्यावर. शाळा बंद, वीज गेलेली, कुरुंदवाडचा रस्ता पाण्याखाली. अशा दिवसांत कंदिलाच्या उजेडात जी पुस्तकं मोठ्यानं वाचली जायची, त्यांत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हटकून असायची. खाली ओसरीत पुराचं पाणी डुचमळतंय आणि वर काकू वाचतेय, पाऊस न आलेल्या धनगरांच्या वाडीची गोष्ट.

सिनेमा आमच्याकडं उशिरा यायचा, आणि त्याला कारण देवच होते. संध्याकाळी धूपारती, मग पालखी, मग शेजारती. घरातल्या कर्त्या माणसांची सेवा तिथं असायची, त्यामुळं सहा ते नऊचा खेळ म्हणजे दुसऱ्यांनी बघायची गोष्ट. सांगलीला किंवा जयसिंगपूरला जायचं तर परतीच्या शेवटच्या एसटीचं गणित आधी मांडायला लागायचं. शिवाय पौर्णिमेला आणि शनिवार-रविवारी घर यात्रेकरूंनी भरलेलं. त्यांची पानं वाढायची सोडून सिनेमाला जातो म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून आमच्या घरांत कथा आधी कानातनं आत शिरायच्या. चेहरे ज्यानं त्यानं आपापले बसवायचे.

आजीच्या पिढीचं मात्र उलटं होतं. तिनं लग्न झाल्यावर कधीतरी प्रभातचा ‘कुंकू’ बघितला होता. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि तो म्हातारा, म्हणजे केशवराव दाते. १९३७चा सिनेमा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरनं तो काढलाय, हे कुणीतरी तिला पन्नासएक वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती चकितच झाली. म्हणाली, “असं होय! मग ते पुस्तक कशाला वाचायचं आता? नीरेनं केलं की सगळं.” तिच्या लेखी शांता आपट्यांनी ती गोष्ट वापरून संपवली होती.

‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची. तरणा मास्तर माणदेशातल्या एका वाडीवर नेमणुकीनं येतो. शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. म्हातारा कारभारी आधी त्याला जोखतो, मग शाळेमागं उभा राहतो. आयबू, आनंदा रामोशी, अंजी, दादू, रामा बनगर. वाडी मिळून तालीम बांधते, उद्घाटनाला खुद्द संस्थानचे राजे येतात. मग पाऊस दडी मारतो, मेंढरं मरतात, माणसं एकेक करून वाडी सोडतात. एवढंच. ना मोठं खलपात्र, ना प्रेमप्रकरण. आमच्यातल्या धाकट्यांचा दर वाचनाला एकच प्रश्न, “पण मग होतं काय?” आणि काकूचं एकच उत्तर, “पाऊस होत नाही.”

खूप वर्षांनी, आम्ही सगळी भावंडं पुणं, इचलकरंजी, बडोदं अशी पांगल्यावर, एका दत्तजयंतीला गप्पांत एक गंमत निघाली. प्रत्येकाच्या बनगरवाडीला नदी होती! पुस्तकात ती नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. तरी मास्तर पहाटे चालत वाडीवर येतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढं तो नदीकाठानं यायचा, उजव्या हाताला औदुंबर. एकीच्या मनातली तालीम तर आमच्या घाटावरच बांधलेली होती. एका आतेभावाचा कारभारी आमच्याच वाड्यातल्या एका आजोबांसारखा, फक्त उपरण्याच्या जागी घोंगडं. बिनपाण्याचं गाव ही कल्पनाच आम्हाला पेलली नव्हती. वाचताना आम्ही त्या वाडीला आमच्या घरचं पाणी पाजत होतो.

अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर सिनेमा केला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आमच्यापैकी कुणी थेटरात बघितला, बहुतेकांनी दूरदर्शनवर. आणि पहिल्या काही मिनिटांतच आमची नदी आटली. उघडा माळ, खुरटी झाडं, अंगावर येणारं आभाळ. पुस्तकावरचा सिनेमा म्हणजे पुस्तकातलं काहीतरी उणं करून दाखवणं, असा वाचणाऱ्यांचा समज असतो. इथं उणं झालं ते आम्ही पदरचं घातलेलं. माडगूळकरांनी लिहिलेला माणदेश आम्हाला पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर, पुस्तक जवळजवळ पाठ झाल्यावर. पुस्तकाशी इमान राखलेला सिनेमा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी या एका कारणासाठी हा सांगेन. ‘कथानक जसंच्या तसं ठेवलं’ ही शाबासकी मला फारशी कळत नाही. तेवढं इमान हिशेबाच्या वहीलाही राखता येतं.

कारभाऱ्याच्या बाबतीत मात्र आमच्या घरात दुफळी पडली. ती भूमिका चंद्रकांत मांडरे यांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांना चंद्रकांत म्हणजे भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले शिवाजीमहाराज. शिवाय ते चित्रकार. पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी, आताच्या संग्रहालयात, आमच्यातल्या अनेकांनी बघितलेली. ते ऐंशीच्या पुढं गेलेले, खांद्यावर घोंगडं टाकून पडद्यावर आले तेव्हा आमच्या घरातले तात्या ताठ बसले. “महाराज थकले,” एवढंच म्हणाले. पुढचा सगळा सिनेमा तात्यांनी कारभारी बघितला की उतारवयातले शिवाजीमहाराज, देव जाणे. वाचकानं मनात बसवलेला चेहरा नट पुसतो म्हणतात. इथं नटाच्या आधीच्या चेहऱ्यानं दोघांनाही पुसलं. मला स्वतःला ते आवडलं. वाडीचा शब्द ज्याच्या तोंडून निघतो तो म्हातारा आधीच कुणीतरी मोठा असावा लागतो, आणि तो मोठेपणा चंद्रकांत घरूनच घेऊन आले होते.

मास्तरचं दुखणं वेगळं. पुस्तकात मास्तर ‘मी’ आहे. तो सांगतो म्हणून आपल्याला दिसतं, पण तो स्वतः दिसत नाही. मोठ्यानं वाचणाऱ्या काकूच्या तोंडी ‘मी’ आला की आम्हाला तो काकूच्या आवाजातला, पण कुणाचाच नसलेला वाटायचा. त्या जागी आमच्यापैकी कुणीही जाऊन बसू शकायचं, मुलीसुद्धा. सिनेमात चंद्रकांत कुलकर्णींनी तो मास्तर नीट, संकोची, साधा उभा केलाय. नटाकडं बोट दाखवायला जागा नाही. पण कॅमेरा मास्तरकडं बघायला लागला, आणि बघणारा माणूस बघितला जाणारा झाला. आता तो वाडीत आलेला पाहुणा आहे, आणि आपण त्याच्याही बाहेर बसलोय. अंजीचंही तसंच झालं. पुस्तकात तिच्या चोळीवरनं उठलेली कुजबूज ही वाडीच्या जिभेची गोष्ट होती. पडद्यावर तरणी पोरगी आणि तरणा मास्तर एका चौकटीत आले, त्याबरोबर आमची पुतणेमंडळी सरसावून बसली. सिनेमानं तसलं काही सुचवलेलं नसताना त्यांनी प्रेमकथा सुरू केली आणि शेवटी “जमलं नाही वाटतं” म्हणून उठली.

‘सिंहासन’ची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तो आमच्या घरात सिनेमा म्हणून कुणी बघितलाच नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतनं विजय तेंडुलकरांनी एक पटकथा विणली, जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा केला. दोन जाडजूड पुस्तकांतलं किती वगळलं हा प्रश्न खरं तर चर्चेचा. पण साखर कारखान्यांच्या तालुक्यातली माणसं आम्ही. अरुण सरनाईक, तेही कोल्हापूरचेच, मुख्यमंत्री होऊन दिसले की ओसरीवर ‘हा म्हणजे तो’ आणि ‘तो म्हणजे हा’ सुरू. पत्रकार दिगू टिपणीसच्या, म्हणजे निळू फुल्यांच्या, चेहऱ्यावर शेवटी काय होतं तिकडं कुणाचं लक्ष होतं?

आणि मग १ जानेवारी २०१०ला ‘नटरंग’. कागलच्या आनंद यादवांची कादंबरी, म्हणजे घरचीच. गुणा हा रांगडा, तालमीत कमावलेल्या अंगाचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि घरादाराला, स्वतःच्या पुरुषपणाला मुकतो. अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी अंग कमावलं आणि मग उतरवलं. दोन्ही देह एकाच सिनेमात बघताना पुस्तकातली परवड नुसती सांगितली गेली नाही, डोळ्यांपुढं घडली. हे काम शब्दांना इतक्या झटक्यात करता येत नाही, ते मान्य. पण रवी जाधवांनी गुणाला शेवटी म्हातारपणीचा सन्मान दिला. टाळ्या, मंच, जीवनगौरव. कादंबरीत असला दिवस त्याच्या वाट्याला येत नाही. यादवांनी त्याला जिथं सोडलंय तिथं शाल-श्रीफळ घेऊन कुणी पोचत नाही, आणि वाचणाऱ्यालाही तिथनं सुटका नाही. अजय-अतुलच्या गाण्यांवर पाय हलवत आलेल्या प्रेक्षकाला त्या जागी एकटं सोडायचं धाडस सिनेमाला झालं नाही, असं माझं मत. मी ते जेवताना मोठ्यानं मांडलं.

काकू तेव्हा बरीच थकली होती. पुराच्या दिवसांत पुस्तक हातात धरणारी तीच. “एवढं सोसल्यावर एक शाल मिळाली तर तुझं काय जातंय रे?” ती म्हणाली. “पुस्तक मिटून ठेवता येतं. दोन दिवसांनी परत उघडावं, तोवर जीव सावरतो. सिनेमाला मिटायची सोय आहे का? तिकीट काढून आलेल्या माणसाला तसंच अंधारात बसवून घरी धाडायचं?”

कादंबरीची बाजू मी अजून सोडलेली नाही. त्या रात्री पानावर बसलेल्यांत ती दोन मतांनी हरली, आणि त्यातलं एक मत पुस्तक न वाचलेल्या जावयाचं होतं.