दिवाळीची पोस्त, डिसेंबरचं पार्सल

पुणे, ७ डिसेंबर २०२५

चि. छोटी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये शेजारणींनी दाराबाहेर टोपल्या ठेवल्यात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, चॉकलेटं आणि वर पाटी, 'पार्सल आणणाऱ्यांसाठी'. काही जण पाकिटात पैसेही देतात. आपण काय द्यायचं? आजी पोस्त द्यायची तसं इथे चालतं का?" त्यावर 'दे गं काहीतरी' एवढंच बोलणं झालं आणि तुझी गाडी आली. पण प्रश्नात आजीची पोस्त होती, त्यामुळे ते उत्तर दिवसभर तोकडं वाटत राहिलं. म्हणून हे पत्र.

तू पाहिलीस ती पोस्त शेवटची-शेवटची. त्याआधी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, वसुबारसेच्या आदल्या दिवशी आजी ट्रंकेतून पितळी डबा काढायची. वर्षभर बाजूला ठेवलेल्या कोऱ्या नोटा त्यात असायच्या. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडर चढवणारा, पोस्टमन, प्रत्येकाचं पाकीट वेगळं. पोस्टमनचं सगळ्यांत जाड. मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंना मुंबईहून मुलाची मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा त्यांच्यासमोर दोनदा मोजायचा, अंगठा उमटवून घ्यायचा आणि फॉर्मच्या पट्टीवर मुलाने लिहिलेल्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवायचा. मनीऑर्डर लांबली की बाई सकाळपासून दारात बसायच्या. मग तो वाड्याच्या दिंडीतूनच हाताने 'आज नाही' अशी खूण करायचा, त्यांना उठायला लागू नये म्हणून. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मनीऑर्डरींवर तेव्हा कितीतरी घरांची चूल पेटत असे. त्या चुलीपर्यंत पैसा पोचवणारा माणूस आजीच्या लेखी घरातलाच होता.

पोस्त म्हणजे पगार नव्हे आणि भीकही नव्हे. वर्षभर तोच माणूस, त्याच दारात, ऊन-पावसात येत राहिला, ते आम्ही पाहिलं, एवढं त्यात सांगितलेलं असायचं.

पण छोटे, त्या काळचं सगळंच गोड नव्हतं. त्याच वाड्यात मागच्या दाराने येणाऱ्या सफाईच्या बाईच्या पदरात नाणं वरून टाकलं जायचं आणि फराळ तिला भाऊबीज उलटल्यावर मिळायचा. आजीने एका दिवाळीत तिला पुढच्या दाराने बोलावलं, पाटावर बसवलं आणि पाकीट हातात दिलं. वाड्यात त्यावरून महिनाभर अबोला होता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण वरून टाकलेलं नाणं आजही संपलेलं नाही, त्याने फक्त रूप बदललंय. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी पाटी लागली होती, 'डिलिव्हरी बॉईजनी मुख्य लिफ्ट वापरू नये'. पार्सल लिफ्टमध्ये चालायचं, ते उचलणारा माणूस चालायचा नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांकडे याहून शहाणी रीत आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात दिवाळीला ग्राहकाने एका महिन्याचे जादा पैसे द्यायचे, असा शिरस्ता पडून गेला. त्यात कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. खुशीने द्यायचं, पण ठरलेलं द्यायचं. डबेवाला ते दयेने घेत नाही आणि ग्राहकही उपकार म्हणून देत नाही. रोज तोच माणूस त्याच दाराशी येतो, म्हणून हे जमतं.

आता आमच्या दारात येणाऱ्या मुलाकडे ये. पंचविशीचा असेल, मराठवाड्यातून आलेला. सकाळी सातला तो हबवर असतो. तिथे पार्सलं स्कॅन करून घेतो आणि खिशातला जाड मार्कर काढून प्रत्येक खोक्यावर मोठ्या आकड्यात फ्लॅटचा नंबर लिहितो. मग बॅगेत उलट्या क्रमाने भरतो, शेवटच्या गल्लीचं तळाशी आणि पहिलीचं वर. बॅग त्याच्या खांद्यांहून रुंद आहे. एका पट्ट्याची शिवण उसवल्यावर तिथे त्याने सुतळी बांधली आहे. सुतळी रुतू नये म्हणून खाली रुमालाची घडी.

पार्सलावर पत्त्यापेक्षा ठळक असतो तो पिन कोड. ही सहा आकडी योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवीही होते. पहिल्या तीन आकड्यांनी पार्सल टपालाच्या वर्गीकरण-जिल्ह्यापर्यंत येतं, पुढच्या तीन आकड्यांनी पोस्ट ऑफिसपर्यंत. सहा आकडे तिथे संपतात. त्यापुढे बोळ, कुत्रं, बंद पडलेली लिफ्ट आणि चार मजले, हे सगळं एका माणसाच्या पायांवर असतं.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेलेली असताना तो पुस्तकांचं खोकं घेऊन वर आला. ओटीपी टाकायला गेला तर बोट घामाने इतकं ओलं की स्क्रीन ते ओळखेना. त्याने बोट पँटला पुसलं, पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. दर चुकीला तो "सॉरी मॅडम" म्हणत होता. त्याच्या हातून काहीच चुकलेलं नव्हतं. पाणी दिलं तेव्हा भांड्याला ओठ न लावता वरून प्यायला आणि भांडं परत देताना तळहात दिसला, पट्टा धरून धरून मधोमध घट्टा पडलेला. त्याला पैसे मिळतात ते पोचलेल्या पार्सलामागे. पेट्रोल त्याचंच. दार बंद मिळालं तर तो जिना फुकट.

पोस्टमनसारखाच तो वर्षभर येईल असं वाटत होतं. पण ऑगस्टमध्ये त्याचा भाग बदलला आणि दोन महिने रोज नवा चेहरा यायला लागला. ॲपवर माणसाचं नाव दिसतं, फोन लावला तर जोडला जातो, पण पलीकडचा खरा नंबर कळत नाही. 'पोहोचलं' असा मेसेज आला की तो माणूस पडद्यावरून नाहीसा होतो. पोस्तीला ओळख लागते आणि नेमकी तीच आता धरून ठेवता येत नाही. म्हणून आपल्या घरी आता दिवाळीची वाट पाहिली जात नाही. दाराशी किल्ल्या अडकवायच्या फळीवर वीस-पन्नासच्या नोटा असतात. जिना चढून जड काही आलं, भर पावसात आलं, की त्याच वेळी हातात.

यावर तुझे काका म्हणतात, आपण दिलं की कंपनीला पगार कमी द्यायला निमित्त होईल. ही शंका खोटी नाही, आणि तिचं एक मोठं उदाहरण तुझ्याच देशातलं आहे. ॲमेझॉन फ्लेक्स या योजनेत लोक स्वतःच्या गाडीतून पार्सलं पोचवतात. त्यांना तासाला १८ ते २५ डॉलर आणि वर ग्राहकाने दिलेली सगळी टिप मिळेल, असं सांगितलं होतं. २०१६ च्या अखेरीस कंपनीने, चालकांना न कळवता, स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम कमी केली आणि राहिलेली तूट ग्राहकांच्या टिपेतून भरायला लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हाती घेतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलर परत करण्याचं ठरलं आणि त्याच वर्षी १ लाख ४० हजारांहून अधिक चालकांना पैसे धाडले गेले. ज्या गृहिणीने बर्फातून आलेल्या माणसासाठी पाच डॉलर जास्तीचे ठेवले, तिचे पाच डॉलर कंपनीचा खर्च वाचवायला गेले होते.

७ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे आजपासून बरोबर तीन वर्षांपूर्वी, ॲमेझॉनने एक योजना जाहीर केली. घरातल्या अलेक्साला 'माझ्या ड्रायव्हरला धन्यवाद सांग' म्हणायचं, पहिल्या १० लाख धन्यवादांमागे चालकाला पाच-पाच डॉलर कंपनी देणार. नेमक्या त्याच दिवशी वॉशिंग्टन डीसीच्या महाधिवक्त्यांनी त्या जुन्या टिपांवरून कंपनीवर दावा दाखल केला. ज्यांना ते पाच डॉलर मिळाले त्यांना नक्कीच आनंद झाला असेल. पण माणसाचे आभार मानणं आणि त्याच्या कष्टाचे पैसे चोख देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कंपनीचं आहे. टिप त्याच्या जागी बसवता येत नाही.

इकडेही हा हिशेब मोठा होत चाललाय. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार (पगारी नोकरीबाहेर कामागणिक पैसे मिळवणारे) असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलंय. गेल्या २१ नोव्हेंबरला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. या कामगारांसाठीच्या निधीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम घालायची, मात्र कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, अशी त्यात तरतूद आहे. अपघात झाला, पाय मोडला, तर त्या मुलाच्या घरी त्यातून काही पोचावं. वीस रुपयांची नोट ते काम करू शकणार नाही, आणि तिने ते करावंही नाही.

म्हणून काकांच्या शंकेवर उत्तर एवढंच, की द्यायचं, पण ॲपमधून नाही, हातात द्यायचं. आणि पगाराचा प्रश्न निघाला की त्या मुलाच्या बाजूने बोलायचं.

आता तुझ्याकडचं. तुमच्या टपाल खात्याचा नियम स्पष्ट आहे. पोस्टमनला रोख पैसे किंवा रोखीत बदलता येईल असं कार्ड घेता येत नाही. एका प्रसंगाला २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, आणि एका ग्राहकाकडून वर्षाला ५० डॉलरच्या वर नाही. त्याला हातमोजे दे, गरम राहणारा कॉफीचा मग दे. खासगी कंपन्यांचे नियम निरनिराळे असतात, तेव्हा पैसे द्यायचे तर त्या माणसालाच आधी विचार, त्याची नोकरी अडचणीत येता कामा नये. टोपली ठेवलीस तर पाण्याच्या बाटल्या गोठणार नाहीत अशा ठेव.

आणि पैशाआधीची कामं विसरू नकोस. पायरीवरचं बर्फ सकाळीच काढून मीठ टाक. अंधार लवकर पडतो, तर पोर्चमधला दिवा चारला लाव. घराचा नंबर रस्त्यावरून दिसला पाहिजे. जड सामान मागवलंस तर दाराशी थांब. नाव कळलं तर ते लक्षात ठेव आणि कंपनीला दोन ओळींचा चांगला अभिप्राय लिही. तक्रारी सगळेच लिहितात.

आमच्या सोसायटीतली ती पाटी गेल्या वर्षी सभेत वाद होऊन निघाली. गेटजवळ आता एक बाक आणि पाण्याचा माठ आहे. आणि गंमत म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात आपला तो मुलगा पुन्हा याच भागात आला. बेल वाजली, दार उघडलं, तर तो हसत उभा. त्याला आत बसवून चकली-करंजी दिली, पाकीट दिलं आणि घरी न्यायला फराळाचं एक पुठ्ठ्याचं खोकं भरून दिलं. ते त्याने बॅगेत ठेवलं, मग परत बाहेर काढलं. खाली अजून पंधरा-वीस खोकी होती, सगळी तसलीच. त्याने खिशातला मार्कर काढला आणि जिथे एरवी फ्लॅटचा नंबर लिहितो तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'घर'.

तुझ्यासाठी बेसनाचे लाडू आणि शेव काल पार्सलाने रवाना केलीय. वजन अडीच किलो भरलं. पत्त्यात घरनंबर ठळक घातलाय. पोचलं की कळव, आणि कुणी आणून दिलं तेही.

सर्वांना यथायोग्य.

तुझी,
मावशी