ती तुझ्यासाठी नाहीये

परवा लेकाबरोबर पासाडिनाजवळच्या ओक ग्रोव्हला डिस्क गोल्फ खेळायला गेलो होतो. (या खेळाचं पहिलं कायमचं मैदान १९७५ साली इथेच झालं, बरं का!) त्याच्या पिशवीतली 'डिस्ट्रॉयर' उचलली.

"बाबा, ती तुझ्यासाठी नाहीये."

झालं, आता फेकणं आलंच! जीव खाऊन फेकली. जरा उडाली, डावीकडे कलली आणि थेट झुडपात.

तिचे आकडे असे: वेग १२, तरंगणं ५, आधी उजवीकडे वळण -१, शेवटी डावीकडे ओढ ३. (उजव्या हाताच्या बॅकहँडला, अर्थात.) हातात तेवढा वेग नसला की मधलं सगळं गळतं आणि उरते नुसती ती शेवटची ओढ. याला म्हणतात ओव्हरस्टेबल.

मग त्यानं माझी हलकी डिस्क भिरकावली, तर ती उजवीकडे उलटून घरंगळतच गेली. त्याच्या जोरापुढे टिकायला अशी अडेलतट्टूच लागते! त्याच्या हातून तीच 'डिस्ट्रॉयर' बाणासारखी सुटते.

पाच वर्षांपूर्वी हाच पोरगा माझ्या डिस्क मागून खेळायचा...

असो. झुडपात मीच शिरलो. हाताला खरचटलंय. घरी फांदी लागली म्हणून सांगितलंय.