गृहपाठ मुलाचा की घराचा?

संध्याकाळी आपल्या वस्त्यांतून फेरी मारली तर पाचवी ते आठवीची मुले वह्यांवर वाकून लिहीत बसलेली दिसतात. पालकांना बरे वाटते. मूल लिहिते आहे म्हणजे अभ्यास करते आहे, असा आपला सरळ हिशेब असतो. परंतु ते कोठून पाहून लिहिते आणि त्यातले त्याला किती समजते, हे विचारायला सवड कोणाला आहे? आमच्या वस्तीतील बुद्धविहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवितो. तेथे जे रोज दिसते, त्यावरून चार गोष्टी समाजबांधवांसमोर मांडाव्यात असे वाटले.

पाचवीनंतर विषय वाढतात. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. गणिताचे गुरुजी दहा उदाहरणे देतात, इतिहासाच्या बाई सगळा स्वाध्याय लिहून आणायला सांगतात, विज्ञानाची आकृती वेगळी, शुद्धलेखन वेगळे. प्रत्येकाला वाटते आपण थोडेच दिले. या सगळ्याची बेरीज मात्र कोणी करीत नाही. ती मुलाच्या पाठीवर पडते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. तेव्हा सातवीतील एका मुलीच्या संध्याकाळचा हिशेब मांडू. ती सहाला घरी येते, दहाला झोपते. जमेला चार तास. आता खर्च पाहा. पाणी भरणे अर्धा तास, धाकट्या भावाला सांभाळणे एक तास, आई कामावरून येईपर्यंत भात-भाकरीची तयारी एक तास, जेवण आणि भांडी अर्धा तास. शिल्लक उरतो एक तास! आणि वहीत काम असते तीन तासांचे. मग ती काय करणार? गाईड उघडते आणि उतरवून काढते. त्या मुलीला आळशी कसे म्हणावे? आळस या हिशेबात कोठेच नाही.

हा एक तास सरकारी धोरणाच्या आणि तज्ज्ञांच्या हिशेबातही बसतो. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली शाळेच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. वरच्या प्राथमिक वर्गांत गृहपाठ गरजेपुरताच असावा आणि तो पुस्तकातून उतरविण्याचा नसावा, असे त्या समितीचे म्हणणे होते. पुढे २०२० साली केंद्रीय शिक्षण खात्याने दप्तराविषयीचे धोरण काढले. त्यात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सांगितला आहे. आपल्या किती पालकांना हे ठाऊक आहे?

प्रश्न केवळ वेळेचा असता तर तो लवकर सुटला असता. खरा प्रश्न घराचा आहे. ज्या घरात वडील अधिकारी, आई शिक्षिका, त्या घरातील मुलाचे अडलेले गणित जेवणाच्या ताटावर सुटते. त्याचा प्रकल्प रंगीत चित्रांनी सजून जातो. ज्या घरात शाळेची पायरी चढणारे हेच पहिले मूल, तेथे ते गणित अडलेलेच राहते. दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या एकाच टेबलावर तपासल्या जातात. त्या वह्यांत मुलाची बुद्धी कमी आणि घरातले शिक्षण जास्त मोजले जाते. गृहपाठ अपुरा म्हणून मूल वर्गाबाहेर उभे राहते, चार मुलांत हसे होते, मग ‘पोट दुखते’ म्हणून घरी राहते. हे घरी राहणे वाढत गेले की शाळाच सुटते. आपल्या समाजाला ही चैन परवडणारी नाही.

अनेक माता आम्हांला म्हणतात, “भाऊ, मला अक्षर येत नाही, मी पोरीचा अभ्यास काय घेणार?” त्यांना आम्ही परळच्या डबक चाळीतील एका खोलीची आठवण देतो. त्या एका खोलीत सारा संसार होता. रामजी सुभेदार बाल भीमरावाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून मग आपण अंग टाकीत. सुभेदार स्वतः लष्करी शाळेतील शिक्षक होते, मुलाला शिकविणे त्यांना शक्य होते. प्रत्येक घरात असा बाप असत नाही, हे खरे. परंतु मुलासाठी जागा आणि शांतता राखायला अक्षरओळख लागत नाही. संध्याकाळी एक तास टी. व्ही. आणि मोबाईल बंद ठेवणे, त्या तासात मुलीला कामाला न हाकणे आणि हेच काम भावालाही वाटून देणे, एवढे प्रत्येक घराला करता येते.

दुसरी गोष्ट. मुलाचा गृहपाठ आपण लिहू नये, कोणाकडून लिहून घेऊही नये. त्याऐवजी “आज काय शिकवले ते मला सांग” असे विचारावे. जे समजले नाही ते दुसऱ्याला सांगता येत नाही. सांगताना मूल जेथे अडेल, तेथेच त्याला मदत हवी आहे असे समजावे. आमच्या अभ्यासिकेत कॉलेजात जाणारे ताई-दादा उत्तर सांगत नाहीत. ते मुलाला वहीत लिहायला लावतात : ‘येथपर्यंत आले, पुढे अडले.’ शिक्षकांना उतरविलेल्या दहा उत्तरांपेक्षा या एका ओळीतून जास्त कळते.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, परंपरा आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. गाईड उतरविणे हे याच्या नेमके उलट आहे. घरचे वीजबिल आणून मागच्या महिन्यापेक्षा किती टक्के युनिट वाढले ते काढा, असे सांगितले तर शेकडेवारी पक्की होते. १९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले, कोठे खडी फोडली, हे आजीला विचारून दहा ओळी लिहा, असे सांगितले तर निरक्षर आजीच त्या मुलाचे पुस्तक होते. मात्र एक पथ्य पाळावे. ‘घराण्याचा परंपरागत व्यवसाय लिहा’ असा गृहपाठ आमच्या पाहण्यात आला आहे. त्या दिवशी अभ्यासिकेत दोन मुलांची पाने कोरी राहिली. मुलाला जात सांगायला लावणारा प्रश्न गृहपाठात नको.

शेवटची गोष्ट हक्काची. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्यानुसार सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे या कायद्याने मना आहे. आपण या समितीत जातो का? गेलो तर सहीपुरते बसतो का? सर्व विषयांचा गृहपाठ मिळून एक तासाच्या आत असावा आणि तो वर्गात समजावून दिलेला असावा, एवढी मागणी तेथे ठामपणे मांडावी. त्यासाठी कोणाच्या पाया पडायचे कारण नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आपल्या वस्तीतील पाचवी ते आठवीच्या मुलांना जवळ बसवा आणि त्यांच्या वह्या उघडा. किती पाने त्यांची आहेत आणि किती गाईडची, ते त्यांनाच प्रेमाने विचारा. मग दोन पदवीधर तरुण, एक सतरंजी आणि एक दिवा एवढ्यावर अभ्यासिका सुरू करा. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले; उतरवून काढा म्हणून सांगितले नाही.

जयभीम!