भीमेकाठची नावं

दौंडहून पेडगावला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. इथे लोक येतात ते बहादूरगडासाठी. १६८९ मध्ये कैदेतल्या संभाजीराजांना औरंगजेबापुढे उभं केलं ते याच ठिकाणी; पडक्या तटाजवळ गेलं की शब्द फुटत नाही. लक्ष्मीनारायणाच्या देवळात थोडा टेकलो आणि नदीकडे उतरलो. मला इथे खेचून आणलं होतं ते माशांनी.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा फौजी अधिकारी, खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. गावोगाव हिंडून त्याने जमीन, ज्वारी-बाजरीची पिकं, हवापाणी टिपलं, आणि त्याच फिरस्तीत पक्षी आणि मासेही. १८२९ मध्ये जागाच रद्द झाली, तरी १८३१ उजाडेपर्यंत त्याने काम सोडलं नाही. ही चिकाटी मला फार मोठी वाटते. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८४१ मध्ये छापला. त्यात पेडगाव आहे, 'पैरगाव' होऊन.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना साइक्सने कितीतरी ठिकाणी इथलंच नाव ठेवलं. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महासीर जगभर 'टॉर खुद्री' झाला. कोळसचा 'कोलस' झाला, मळ्याचा 'मुल्या'.

घाटाच्या पायऱ्यांशी एक पोरगा पाण्यात वाकला होता. त्याने ओंजळ उघडून दाखवली. बोटाएवढा, मातकट मासा; हनुवटीखाली गोल चकती. त्याच चकतीने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. जाळं विणत बसलेल्या आजोबांना विचारलं, "बाबा, ह्याला काय म्हणता?"

"मळ्या," मान वर न करता ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. पोराने मासा पाण्यात सोडला.

साइक्सचं नाव ग्रंथांत राहिलं, मासा ओळखून त्याला हाक मारणाऱ्या भोयांचं राहिलं नाही. खुद्रीची पिल्लं आज लोणावळ्याजवळ वळवणला वाढवून पाण्यात सोडतात. नावांसाठी तसं केंद्र कुठे नाही. तुमच्या गावच्या नदीवर अजून कुणी जाळं टाकत असेल, तर त्याच्याशेजारी बसा, माशांची नावं विचारा आणि सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवा.