बरगडीखालची कळ

संपादकांनी फोन केला तेव्हा मथळाही ठरवून टाकला होता: ‘धावताना पोटात दुखतंय? करा हे पाच सोपे उपाय.’ मी म्हटलं, सांगण्यासारखे उपाय तीन-चारच आहेत आणि त्यांतला एकही हमखास नाही. ते हसले. “तुम्ही लिहा हो मॅडम. फक्त सोपं ठेवा, शास्त्र फार नको.” ही अट मी पाळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं.

साताऱ्यात क्रीडावैद्यकाचा दवाखाना चालवणारीकडे लोक गुडघे, घोटे, पोटऱ्या घेऊन येतात. हिल मॅरेथॉनच्या मोसमात तर रांगच लागते. कुशीतली कळ मात्र सरळ माझ्याकडे येत नाही. ती आधी गॅस असते, मग पित्त, मग अपेंडिक्सची भीती. दोन-तीन दारं फिरून, नॉर्मल सोनोग्राफीची फाइल काखेत मारून पेशंट येतो आणि सोबत कोणीतरी मारलेला शेराही आणतो: ‘स्टॅमिना नाही.’ या शेऱ्याचा मला मनस्वी राग आहे.

ऑस्ट्रेलियातल्या डॅरेन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर यांनी या क्षुल्लक मानल्या गेलेल्या दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत सहा खेळांतल्या ९६५ जणांना विचारलं होतं, गेल्या वर्षभरात अशी कळ आली का? पोहणाऱ्यांतले ७५ टक्के ‘हो’ म्हणाले, धावणाऱ्यांतले ६९, घोडेस्वारांतले ६२ आणि सायकलवाल्यांतले ३२. मुरलेले खेळाडूही यातून सुटत नाहीत. वय वाढतं तसा त्रास कमी होत जातो, म्हणून शाळा-कॉलेजच्या पोरांना तो जास्त. हे सगळे काय दम नसलेले?

आता वाद. वाचकांनी दोन परिच्छेद सोसावेत.

जुनं मत असं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, धावताना रक्त कमी पडतं आणि तो स्नायू दुखतो. मैदानावर अजूनही हेच शिकवलं जातं. मग घोडेस्वाराचं काय? धापा टाकतो तो घोडा. कळ चालू असतानाच फुंकायला लावून श्वासाची चाचणी घेतली, तरी श्वासपटल थकल्याची खूण सापडली नाही. पोटाच्या स्नायूंचा विद्युत आलेख काढला, तर गोळा आल्याचंही दिसलं नाही. दुसरं मत यकृताचं. सुमारे दीड किलोचा हा अवयव पावलागणिक खाली हिसकतो आणि त्याला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. म्हणून उजवा पाय टेकताना श्वास सोडू नका, असा सल्ला देतात. ऐकायला झकास आहे. पण पाण्यात आडवं होऊन पोहणाऱ्याला कसले आलेत हिसके? आणि आकडा तर तिथेच सगळ्यांत मोठा.

मी तिसऱ्या मताची. पोटाच्या पोकळीला, कोटाला असतं तसं, आतून एक पातळ अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याचा एक पदर पोटाच्या भिंतीला चिकटलेला, दुसरा अवयवांवर चढवलेला. मध्ये बुळबुळीत द्रवाचा थर. भिंतीकडचा पदर फार हळवा, हालचालीत तोच घासून दुखतो असं हे मत. त्याचे मज्जातंतू पोटाच्या भिंतीचेच, म्हणून ही कळ बोट टेकवून दाखवता येते. आतड्याचं दुखणं असं बोटावर येत नाही, ‘कुठे दुखतं?’ विचारलं की हात पोटभर फिरतो. श्वासपटलाच्या मधल्या भागाखालच्या अस्तराची जाणीव फ्रेनिक नावाच्या मज्जातंतूतून जाते. तो निघतो मानेतून, आणि खांद्याच्या टोकाची जाणीवही मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर पोचते. म्हणून काहींना कळेबरोबर खांद्याचं टोकही ठणकतं. पोट भरलेलं असलं की ते फुगून अस्तरावर दाबतं, दोन पदरांचं घर्षण वाढतं. इतकं नेटकं जुळतं की मला हे मत पटलंय. सिद्ध झालंय असं मात्र म्हणणार नाही. धावत्या माणसाच्या पोटात अस्तर घासताना कोणी पाहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माण तालुक्यातली एक मुलगी आली. पोलीस भरतीची तयारी चाललेली. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याला २० गुण, आणि तिथे सेकंदांवर नोकरी ठरते. वडील दारातूनच म्हणाले, “मॅडम, दम न्हाय पोरीत.” पोरीने काही न बोलता उजव्या बरगडीच्या कडेखाली एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खांदा दाखवला. दिवसभर अभ्यासिकेत वाकून बसून पाठीला पोक आलेलं. मी मधल्या पाठीचे मणके एकेक करून अंगठ्याने दाबत खाली आले. एका मणक्यापाशी ती दचकली. “हेच मॅडम, पळताना हेच दुखतंय.” पाठीचे मणके दाबून काही धावपटूंमध्ये हीच कळ उमटवता येते, हे मॉर्टन यांनी नोंदवलंय. पोक असलेल्यांना ती जास्त येते, हेही.

मग तिची पिशवी उघडायला लावली. लिटरभर पाण्याची बाटली, पाणी गढूळ आणि तळाशी न विरघळलेल्या ग्लुकोज पावडरचा बोटभर थर. अकॅडमीतली सगळीच पोरं धावण्याआधी अर्धी बाटली संपवतात म्हणे, ताकद येते म्हणून. गोड, दाट पेयं हे या कळेचं ठरलेलं निमित्त. प्रयोगात फळांच्या रसाने ती साध्या पाण्यापेक्षा आणि खेळाडूंसाठीच्या पातळ पेयांपेक्षा जास्त आली. तीन मिनिटांच्या धावण्यासाठी ग्लुकोजची गरजच काय? शरीरात त्याहून कितीतरी जास्त साठा असतो. पण ही पावडर पोरांच्या डोक्यातून काढणं माझ्याच्याने होत नाही.

तिला सांगितलं ते सगळ्यांनाच लागू आहे. धावण्याआधी दोन-तीन तास भरपेट खायचं नाही. पाणी घोट-घोट प्यायचं, गटागटा नाही. पाठ मोकळी करायची, पोटाचे खोलातले स्नायू घट्ट करायचे. काहींना रुंद पट्ट्यानेही आराम पडतो. कळ आलीच तर वेग कमी करून पुढे वाकायचं, दुखरी जागा दाबायची, ओठ आवळून सावकाश श्वास सोडायचा. थांबलं की बहुधा काही मिनिटांत जाते.

सरावात तिची कळ जवळजवळ गेली. भरतीच्या ग्राउंडच्या दिवशी पहाटे, पोट रिकामं, बाटली घरी, आणि दुसऱ्या फेरीत कळ परत आली. तशीच पळत तिने शर्यत पुरी केली, पण गुण कमी पडले. हे माझ्या अस्तरात कुठे बसवायचं? भीतीने श्वास अडखळला, खांदे आवळले गेले, असं म्हणता येतं. पण असं काहीही म्हणता येतं. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. वडील आता ‘दम न्हाय’ म्हणत नाहीत, ‘नशीब न्हाय’ म्हणतात. मला दोन्ही पटत नाही.

शेवटचं, आणि इथे वाद नाही. कळ थांबल्यावरही जात नसेल, ताप-उलटी असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर ती ही कळ नव्हे, डॉक्टर गाठा. चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांच्या छातीत मधोमध दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम फुटला, तर तडक हॉस्पिटल. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. अठरा वर्षांच्या पोरीच्या कुशीतल्या कळेला सोनोग्राफी करतात, आणि चढ चढताना काकांची छाती भरून आली की त्यांना सोडा पाजून झोपवतात.