मागचा टायर

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु तिची परीक्षा कोणाच्या जिवावर घ्यावी, हें मला बार्शीटाकळीच्या शिवारांत कळलें. रानवाटा तुडविणाऱ्या माझ्या मोटारसायकलला मीं स्वस्तांतला मागचा टायर बसविला होता. कोरा टायर निसरडा असतो, म्हणून पहिले कांहीं दिवस जपून हिंडलों. मग मुरमाड पांदणीवर हवा थोडी कमी केली. टायर जमिनीवर पसरला, खडे घट्ट धरूं लागला आणि वाचलेल्या पैशांची मला घमेंड चढली. त्या भरांत चिरंजीवांना मागें बसवून मीं पावसानंतरच्या काळ्या मातींत गाडी घातली. पाणी पिऊन फुगणारी ती माती! टायरच्या खाचा क्षणांत बुजल्या, चाक लाटण्यासारखें गुळगुळीत झालें आणि आम्ही दोघेहि आडवे!

बांधावरचा शेतकरी म्हणाला, “भाऊ, वापसा तं येऊ द्या! तवरी आमी बैलगाडीबी काढत नाई.”

महागडा टायरहि तेथें फारसा तरला नसता. म्हणून मीं तो अद्याप बदललेला नाहीं. मुलाला खरचटलेंहि नाहीं. परंतु डांबरी सडक लागेपर्यंत तो पुन्हां माझ्या मागें बसला नाहीं, हें मात्र विसरलों नाहीं.